गोव्यात इतिहासाचा पुनर्प्रयोग: नवा गट उभा करताना

गोव्यात नाटकाला माणसे मिळतात. वाड्यावाड्यावर रंगभूषा जाणणारा कोणी असतो, घुमट या वाद्यावर हात बसलेला कोणी असतो, शिवाजी महाराजांचे संवाद मुखोद्गत असलेलाही कोणी असतो. त्यामुळे ऐतिहासिक पुनर्प्रयोगाचा, म्हणजे रिएनॅक्टमेंटचा, गट काढायचे ठरवले की पंधरा दिवसांत वीस जण गोळा होतात. पण नाटकाच्या सवयीने सगळे आधी संवाद आणि भरजरी पोशाख यांच्याच मागे लागतात, आणि पुनर्प्रयोगाचा कणा तर वेगळाच आहे. इथे प्रेक्षक खुर्चीत बसलेला नसतो. तो तुमच्या छावणीतून फिरतो, ढाल उचलून बघतो, अंगरख्याची शिवण उलटून पाहतो आणि विचारतो, "हे त्या वेळी होतं का?" त्याला आधार असलेले उत्तर देता आले पाहिजे. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

पहिले पाऊल: एक जागा, एक दिवस

"शिवकाल" हा विषय होत नाही, "पोर्तुगीज काळ" तर नाहीच. १५१० ते १९६१ अशा साडेचारशे वर्षांत कपडे, शस्त्रे, भाषा, सरहद्दी, सगळे अनेकदा बदलले. आज आपण ज्याला एकसंध गोवा म्हणतो त्याचा बराचसा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगिजांकडे नव्हताच. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे त्यांनी आधीपासून जिंकलेला मुलूख. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे महाल १७६३ ते १७८८ या काळात त्यांच्या हाती गेले. म्हणून तुमचा गाव कोणता आणि साल कोणते यावर ठरते, की त्या दिवशी त्या गावावर अंमल कोणाचा होता, जकात कोण घेत होते आणि कागद कोणत्या लिपीत लिहिला जात होता.

या लेखात मी नोव्हेंबर १६८३ चे उदाहरण घेतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ऑक्टोबरअखेरीस दुर्भाट बंदरामार्गे फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. तोफांनी तट फुटला तरी किल्ला पडला नाही. संभाजी महाराज घोडदळासह येऊन पोहोचले आणि व्हाइसरॉयला दुर्भाटकडे माघार घ्यावी लागली. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. गोवा शहरापासून, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यापासून, ही जागा अगदी जवळ. दुसऱ्या दिवशी ती परत मिळवायला व्हाइसरॉय स्वतः गेला आणि जखमी होऊन परतला. जानेवारी १६८४ मध्ये मोगल शाहजादा शाहआलम कोकणात उतरू लागला, तेव्हा कुठे गोवा शहरावरचे संकट टळले.

एवढ्या तीन महिन्यांच्या मोहिमेतूनही एकच दिवस निवडायचा. नव्या गटाने तर लढाईचा दिवस निवडूच नये, असे माझे ठाम मत आहे. वेढा पडण्याच्या आदल्या संध्याकाळी किल्ल्याच्या दरवाजात काय चालले असेल? पहारा बदलतो आहे, कोणी तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या, बंदुकीची नळी साफ करतो आहे, कारकून धान्याची मोजदाद लिहितो आहे, चुलीवर पेज शिजते आहे, दुर्भाटहून धावत आलेला माणूस जहाजांची बातमी सांगतो आहे. आठ माणसांत होणारा आणि पाहणाऱ्याला अर्धा-पाऊण तास धरून ठेवणारा हा प्रयोग आहे.

तुमचा गाव दुसरीकडे असेल तर विषयांची वाण नाही. सत्तरीत २६ जानेवारी १८५२ ला दीपाजी राणे यांनी उठाव करून नाणूसचा किल्ला घेतला. बार्देशात १७८७ चा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट आहे, आणि तो तर एका घराच्या दिवाणखान्यात, मेणबत्तीच्या उजेडात, शस्त्राविना उभा करता येतो. मडगावात १८ जून १९४६ ची लोहियांची सभा, पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह, दोन्ही गोव्याच्या मुक्तीसाठी. शेवटच्या दोन्ही प्रसंगांतल्या माणसांची मुले-नातवंडे आज गावात आहेत. त्यांच्या घरी जाऊन बसल्याशिवाय, त्यांची संमती घेतल्याशिवाय त्या प्रसंगांना हात लावू नका. कुंकळ्ळीचा पोर्तुगिजांविरुद्धचा १५८३ चा उठाव मी पहिल्या वर्षी कोणालाच सुचवणार नाही. गावाच्या मनात तो आजही ताजा आहे आणि अनुभव नसलेल्या गटाच्या हातून तिथे कोणीतरी दुखावला जाईल.

कागद: इथे घाई नको

तलवार घेण्याआधी वाचनाला चार-पाच महिने द्या. गटातल्या दोघा-तिघांना हे काम मनापासून आवडणारे हवे.

पणजीचे पुराभिलेख खाते हे आपले मोठे भाग्य. त्याचा पाया १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कौतु याच्या देखरेखीखाली घातला गेला. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यात दरवर्षी जो पत्रव्यवहार झाला त्याचे बाड तिथे आहे, मोडीतले कागदही आहेत. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरातून मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी पाने उजेडात आणली. पोर्तुगीज येत नसेल तर आधी त्यांचे मराठी लेखन वाचा, मग मूळ कागदांकडे जा. पणजीतच पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ १८३२ सालचे. तिथला गोवाविषयक संग्रह सोडू नका. पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्रही उपयोगी पडेल. गटातल्या एकाने मोडी आणि एकाने पोर्तुगीज शिकायला घ्यावे, अगदी पहिल्या महिन्यापासून.

वाचताना प्रत्येक माहितीला तीनपैकी एक खूण करा. त्याच काळातला कागद असेल तर एक, नंतरची बखर किंवा घराण्याची आठवण असेल तर दुसरी, गटाने तर्काने भरलेली जागा असेल तर तिसरी. जुव्याच्या प्रसंगात हे नीट दिसते. भरतीच्या पाण्यात संभाजी महाराजांचा घोडा अडकला आणि त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी त्यांना वाचवले, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ती चिटणीसांच्या बखरीत येते. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिली, म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी, आणि तीही खंडो बल्लाळांच्याच घराण्यात. एवढ्याने ती खोटी ठरत नाही. प्रयोगात ती जरूर आणा, पण छावणीतल्या म्हाताऱ्या शिपायाच्या तोंडून ऐकीव गोष्ट म्हणून आणा, आणि पाहुण्याने विचारले तर ती कुठून आली हे सांगा. लोकांना असे खरे सांगितलेले आवडते. गोष्टीवरचे त्यांचे प्रेम त्याने कमी होत नाही.

तारखांच्या बाबतीत जपा. पोर्तुगीज कागद ग्रेगोरियन पंचांगाने चालतात. मुंबई-कारवारच्या इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने पंचांग सोडले नाही. १६८३ मध्ये दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणजे पोर्तुगीज पत्रातला २४ नोव्हेंबर इंग्रज पत्रात १४ नोव्हेंबर असतो. मराठी कागदात शक-तिथी किंवा शुहूर सन येतो. तीनही एका कोष्टकात मांडा. तिथी हाती आली की चंद्र केव्हा मावळला, ओहोटी साधारण केव्हा होती याचाही अदमास बांधता येतो. पाणी उतरलेले असताना बेटावर गेलेल्या माणसांचा प्रसंग उभा करताना ते कळीचे आहे.

माणसे, आणि दोन्ही बाजू

सुरुवातीला आठ ते बारा जण पुष्कळ झाले. त्यांत शिवणकाम येणारा एक, स्वयंपाक येणारा एक, प्रथमोपचार शिकलेला एक आणि सरकारी कचेऱ्यांत न कंटाळता फेऱ्या मारणारा एक हवा. ही चार माणसे नसतील तर उत्तम नट असूनही गट चालत नाही. बायकांना फक्त ओवाळण्यापुरते उभे करू नका. किल्ल्याच्या आश्रयाला आलेली कुटुंबे, कोळिणी, औषधपाणी जाणणाऱ्या बायका, धान्य कांडणाऱ्या बायका यांच्याशिवाय वेढ्यातला किल्ला पुरा होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आपल्याकडे सगळ्यांना मराठा व्हायचे असते आणि पोर्तुगीज व्हायला कोणी तयार नसते. शेवटी एखाद्या उंच, गोऱ्या मुलाला टोपी घालून उभे केले जाते आणि तो मोडके मराठी बोलून हशा मिळवतो. हे करू नका. व्हाइसरॉयच्या फौजेत बार्देश-साष्टीतले शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांचा रंग आपला होता, घरी ते आपलीच बोली बोलत होते आणि त्यांची शेतेही आपल्यासारखीच खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, होती. फोंड्याच्या तटाखाली दोन्ही बाजूंनी गोमंतकीय मेले. ज्या प्रयोगात साष्टीचा ख्रिस्ती शिपाई आणि फोंड्याचा पहारेकरी यांना सारख्याच काळजीने उभे केले जाते, तो पाहून कुठलाही गोवेकर मान खाली घालून परत जाणार नाही. म्हणून पहिल्या बैठकीतच नियम करा: प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा तरी समोरच्या बाजूची भूमिका घ्यायची. ख्रिस्ती शेजारी गटात असावेत याची वाट बघत बसू नका, जाऊन बोलवा.

भाषेचेही तसेच. कारकुनाचा कागद मराठीत, शिपायांची आपसातली बोली कोकणी, अधिकाऱ्याचा हुकूम पोर्तुगीज, असे थर ठेवले की प्रसंग आपोआप खरा वाटू लागतो. पोर्तुगीज उच्चारांसाठी गावातल्या जुन्या शिकलेल्या माणसांना गाठा. पणजीत फुंदासांव ओरियेंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे, तिथेही विचारा.

कपडे आणि सामान

एक नियम सगळ्यांनी पाळला तरी निम्मे काम होते: नायलॉन, पॉलिस्टर, चमकी सॅटिन बंद. जाडेभरडे सुती कापड, हातमाग, घोंगडी. दिसण्याचा प्रश्न आहेच, पण मोठे कारण सुरक्षेचे आहे. चुलीजवळ, मशालीजवळ कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. आपल्या हवेत दुपारी अकरानंतर तो अंगावर ठेवणेही अशक्य होते.

साध्या शिपायापासून सुरुवात करा. मुंडासे, बंडी किंवा अंगरखा, चोळणा, कमरेला शेला, पायात चामडी वहाणा किंवा काहीच नाही. सरदार शेवटी करा, कारण त्याचा खर्च सर्वांत जास्त आणि चुकाही त्याच्याच पोशाखात जास्त. पेशवाईतली पगडी १६८३ च्या माणसाच्या डोक्यावर नको. तसेच १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या वेळचे पोलादी शिरस्त्राण आल्व्होरच्या शिपायाला नको. मध्ये पावणेदोनशे वर्षे गेलेली आहेत. मुंडासे बांधायला आधीपासून शिका. तयार, शिवलेले मुंडासे लांबूनही ओळखू येते.

घड्याळ, चष्मा, चेन, प्लास्टिकची बाटली, मोबाइल यांची तपासणी प्रयोगाआधी अर्धा तास एकाने करायची आणि त्याचा शब्द अखेरचा. चष्म्यावाचून ज्याला दिसत नाही त्याला मात्र चष्मा ठेवू द्या, त्याच्या हाती शस्त्र देऊ नका.

डिचोलीची मातीची भांडी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या टोपल्या, सुपे, दोर, गावच्या चारीकडून, म्हणजे सुताराकडून, लाकूडकाम, लोहाराकडून सळया आणि आकडे: छावणीचे बरेचसे सामान गोव्यातच मिळते. चुलीवर उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, सुके मासे शिजवा आणि पाहुण्यांना चाखायला द्या. चहा छावणीच्या आत येता कामा नये. तो मागे, वेगळ्या जागी ठेवा.

शस्त्रे

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार तलवारी, भाले, खंजीर हे त्यांच्या कक्षेत येतात. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात गटाचे पत्र, शस्त्रांची यादी आणि छायाचित्रे देऊन लेखी पोच घ्या. ऑनलाइन "शोभेची" म्हणून मिळणारी तलवार बहुधा ठिसूळ असते. दुसऱ्या पात्यावर आपटली की तुटते आणि तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. अशी तलवार भिंतीवरच शोभते.

सरावासाठी लाकडी आणि वेताची शस्त्रे घ्या. प्रयोगात धातूचे पाते वापरायचे तर कड किमान दोन मिलिमीटर जाड आणि टोक गोल घासलेले हवे. गळ्याच्या वर वार नाही, भोसक नाही, ठरवलेल्या हालचालींपलीकडे एकही हालचाल नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती धातूचे शस्त्र नाही. पट्टा तर वर्षभर शिकल्याशिवाय कोणी फिरवू नये. त्याच्या लवचीक पात्याची मर्यादा फिरवणाऱ्यालाही सुरुवातीला कळत नाही. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यातला वस्ताद आठवडाभर बोलावून घेतलात तर तो खर्च पोशाखाच्या खर्चापेक्षा जास्त कामी येईल.

बंदुकीत दारू अजिबात नको. लाकडी नळीची, न उडणारी प्रतिकृती ठेवा. तोडा कसा वळतात, कसा फुंकत ठेवतात, दारूचे शिंग कसे बाळगतात, पावसाने हे सगळे कसे निकामी होते, हे हातात धरून दाखवले तर लोक धडाक्यापेक्षा त्यातच जास्त रमतात.

खरे घोडे आणू नका. प्राण्यांच्या प्रयोगासाठी वेगळी नोंदणी लागते आणि गर्दीत घोडा बिथरला तर आवरणारा कोणी नसतो. आपल्याकडे डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी आहे: कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशाच्या तालावर धावणारे वीर. ती शिगम्यातली, म्हणजे शिमग्यातली, गावाची आणि मांडाची (गाव जिथे विधी-खेळासाठी जमतो त्या पवित्र जागेची) परंपरा आहे. उचलून आपल्या प्रयोगात घालू नका. त्या गावच्या कलाकारांना मानाने बोलवा, मांडाच्या जाणत्यांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

जागा आणि परवानग्या

किल्ला कोणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधा. काही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, जुन्या गोव्यातली चर्चेस आणि तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर त्यांत येतात. अनेक किल्ले राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. अर्जासोबत नकाशा, माणसांची संख्या, वेळ आणि "खड्डा खणणार नाही, खिळा ठोकणार नाही, तटाला टेकून चूल लावणार नाही" असे लेखी द्या. जुना चिरा एका जाळाने तडकतो. पहिल्या प्रयोगासाठी तर संरक्षित स्मारक टाळाच. किल्ल्याच्या पायथ्याचे मोकळे भाट (बागायत), भाटकाराच्या, म्हणजे त्याच्या मालकाच्या, संमतीने, यासारखी जागा नाही.

याशिवाय पंचायत, पोलीस, ध्वनिवर्धकाची परवानगी (रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच), कोमुनिदादची (गावकरी संस्थेची) सामाईक जमीन असेल तर कोमुनिदाद, देवळाजवळ असेल तर देवस्थान समिती, चर्चजवळ असेल तर पाद्रीबाब. सत्तरीत अभयारण्याची हद्द लागत असेल तर वन खाते. खाजनात जाणार असाल तर बांधावर गर्दी चढवू नका, मानशीच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, दारांना हात लावू नका. त्या एका दरवाजावर पलीकडची सगळी शेती अवलंबून असते.

मोसम नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीनंतर गवत वाळते आणि ठिणगीची भीती वाढते, मार्चमध्ये कलाकार शिगम्यात गुंततात, जून ते सप्टेंबर शिवण, वाचन आणि सराव.

नोंदणी आणि पैसे

सात जण जमले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करता येते. पहिले सहा महिने नोंदणीशिवाय काढा. माणसे टिकतात का ते कळेल, घटना कशी हवी तेही कळेल. नंतर मात्र टाळू नका, कारण पॅन, बँकेतले खाते आणि कला व संस्कृती खात्याचे अनुदान यांपैकी काहीच नोंदणीवाचून पुढे सरकत नाही. सामान गटाचे की सभासदाचे, हे प्रत्येक वस्तूवर आणि वहीत लिहा. प्रायोजकाचा फलक छावणीच्या आत लावू नका, आणि कोणत्याही राजकीय पक्षाचा पैसा घेऊ नका. एकदा घेतला की प्रसंगाचा अर्थ दुसरा कोणी ठरवू लागतो.

पहिला प्रयोग

पाहुणे तीस-चाळीसच बोलवा, शेजारच्या शाळेची एक तुकडी सर्वांत चांगली. मुले सर्वांत अवघड प्रश्न विचारतात. एक जण आजच्या साध्या कपड्यांत राहील आणि पाहुण्यांशी बोलेल. दुसरा एक जण फक्त सुरक्षेवर नजर ठेवील. त्याने "थांबा" म्हटले की सरदारासकट सगळे जागच्या जागी थांबतात, याचा सराव संवादांपेक्षा जास्त वेळा करा. पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी, वाळूच्या बादल्या, एक गाडी बाहेर तोंड करून उभी. १०८ ला फोन लागतो का ते त्या जागी उभे राहून आधी तपासा. अनेक किल्ल्यांवर सिग्नल मिळत नाही. गटाचा अपघात विमा काढून ठेवा.

संध्याकाळी सामान मोजून परत घ्या, चुलीची राख उचला, आणि सगळे घरी जाण्याआधी तिथेच बसून पाहुण्यांनी विचारलेले प्रश्न लिहून काढा. ज्यांची उत्तरे कोणालाच देता आली नाहीत ते प्रश्न वेगळ्या पानावर घ्या. पुढच्या सोमवारी ते पान घेऊन दोघांनी पुराभिलेखात जायचे.